मुलांचा संधिवात आणि अँटीबॉडीचे आकडे: नाशिकच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माझ्या लेकीला तिसऱ्या वर्षी संधिवात निघाला, आता ती अकरा वर्षांची आहे. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हे रिपोर्ट मी पाहिलेत. सिडको, सातपूर, निफाड, दिंडोरी, सिन्नर, कुठून कुठून आईवडील येतात, पाकीट तिथेच फोडतात आणि ठळक छापलेल्या आकड्यावर बोट ठेवून विचारतात, "ताई, हे जास्त आहे का?" त्यांना दोन मिनिटांत जे सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषध सुरू करणं, बदलणं, थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

एवढ्याशा लेकराला संधिवात कसा होईल? तो तर म्हाताऱ्यांचा आजार ना?

म्हाताऱ्यांचे गुडघे झिजतात, तो आजार वेगळा. मुलांच्या संधिवातात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर उलटते आणि तिथे सूज धरते. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेली, निदान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कुठलंही कारण न सापडलेली सांध्याची सूज असेल, तर डॉक्टर तिला जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात. फाइलवर 'जेआयए' लिहिलेलं असतं ते हेच. याचे सात प्रकार मानतात आणि प्रत्येकाची चाल निराळी. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं प्रकारावर अवलंबून आहेत, म्हणून "आमच्या मुलाचा प्रकार कोणता?" हे पहिल्याच भेटीत विचारून फाइलवर लिहून घ्या.

अँटीबॉडी म्हणजे नेमकं काय? कोणकोणत्या तपासतात?

जंतूंशी लढायला शरीर जी प्रथिनं बनवतं त्या अँटीबॉडी, मराठीत प्रतिपिंडं. काही जणांत ही प्रथिनं आपल्याच पेशींना चिकटतात. मुलांच्या संधिवातात मुख्यतः तीन पाहतात: एएनए (पेशींच्या केंद्रकाला चिकटणारी), आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. एचएलए-बी२७ सुद्धा त्याच चिठ्ठीवर असतं, पण ती अँटीबॉडी नव्हे. ती जन्मजात जनुकीय खूण आहे, एकदाच तपासायची, आयुष्यभर बदलत नाही. टाच दुखणं, कंबर आखडणं, सहा वर्षांपुढच्या मुलग्यांत पायाच्या मोठ्या सांध्यांना सूज, अशा वेळी तिचा उपयोग होतो.

मागच्या वर्षी एएनए १:३२० होता, आता १:६४० आलाय. आजार दुप्पट झाला का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. दर वेळी समोरच्या आईचा चेहरा पाहिला की वाटतं, हे रिपोर्टच्या खालीच छापायला हवं.

आमच्याकडे टेबलावर काय होतं ते सांगते. मुलाच्या रक्तातलं सीरम घेऊन ते पातळ करत जातो: १:८०, १:१६०, १:३२०, १:६४०, दर पायरीला निम्मं. मग ते काचपट्टीवरच्या पेशींवर घालतो, त्यावर चमकणारं रसायन, आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. पेशींची केंद्रकं हिरवी उजळलेली दिसतात. ज्या शेवटच्या पायरीपर्यंत हा उजेड दिसतो तो तुमचा टायटर. हा उजेड डोळ्यांनी ठरवायचा असतो. मला पुसट दिसलेला हिरवा रंग शेजारच्या सहकाऱ्याला "आहे" वाटतो. एक पायरी वर किंवा एक खाली हा फरक पद्धतीतच धरलेला आहे. त्यात पहिला रिपोर्ट एका लॅबचा आणि दुसरा दुसरीकडचा, किंवा एकदा ही पद्धत आणि एकदा एलायझा ही यंत्रावर मोजायची पद्धत, असं असेल तर तुलना करूच नका.

शिवाय पद्धत अचूक असती तरी उत्तर तेच राहिलं असतं. एएनएचा टायटर आणि सांध्यातली सूज यांचं पाऊल जोडीनं पडत नाही. माझ्या लेकीचा एएनए तिचा गुडघा टम्म फुगलेला असताना १:३२० होता, आणि ती शाळेच्या मैदानात लंगडी खेळत होती तेव्हाही १:३२० च होता. ठणठणीत मुलांतही कमी टायटरचा एएनए सापडतो. व्हायरल तापानंतर तो काही काळ दिसू शकतो. संधिवातावर दिली जाणारी काही बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे सूज वाढवणारं टीएनएफ हे प्रथिन रोखणारी, स्वतःच एएनए पॉझिटिव्ह करू शकतात. म्हणजे मूल सुधारत असताना हा आकडा चढू शकतो.

मग एएनए तपासायचाच कशाला?

डोळ्यांसाठी. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

एएनए पॉझिटिव्ह असलेल्या, लहान वयात आजार सुरू झालेल्या मुलांत, विशेषतः मुलींत, डोळ्याच्या आत सूज येण्याचा धोका जास्त असतो. तिला युव्हायटिस म्हणतात. ही सूज मुकी असते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही, मूल तक्रार करत नाही. आत मात्र बुबुळ मागच्या भिंगाला चिकटत जातं, मोतीबिंदू होऊ शकतो, दाब वाढतो, नजर जाऊ शकते. टॉर्च मारून किंवा तक्त्यावरची अक्षरं वाचून घेऊन ती सापडत नाही. स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रावर हनुवटी टेकवून डोळ्यांच्या डॉक्टरांनीच पाहावी लागते.

सातव्या वर्षाच्या आत आजार सुरू झाला, एएनए पॉझिटिव्ह आहे आणि आजाराला अजून चार वर्षं झालेली नाहीत, अशा मुलांची दर तीन महिन्यांनी तपासणी करतात. बाकीच्यांची धोक्यानुसार सहा ते बारा महिन्यांनी. सांधे शांत असले तरी ही तारीख चुकवायची नाही, कारण डोळा सांध्याला विचारून सुजत नाही. औषध कमी करताना किंवा बंद केल्यावर तर जास्तच लक्ष लागतं.

आमचं सांगते. आजाराच्या दुसऱ्या वर्षी गुडघा इतका छान होता की दिवाळीच्या धांदलीत डोळ्यांची तारीख पुढे ढकलावी असं मनात आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊन या, फराळ मी बघते." त्या दिवशी डाव्या डोळ्यात सुजेच्या पेशी दिसल्या. थेंब लगेच सुरू झाले आणि आज तिची नजर पूर्ण आहे. तोवर तिला डोळ्याचा काडीचा त्रास नव्हता.

लहान मूल यंत्रापुढे बसत नाही ही खरी अडचण आहे. घरी एक-दोनदा खेळ करा: टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवायची आणि आईच्या कानातल्याकडे बघायचं. तपासताना मांडीवर घेऊन बसा. ही तपासणी नाशिकमध्येच होते, तिच्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. फक्त वेळ घेतानाच "मुलाला संधिवात आहे, युव्हायटिससाठी स्लिट लॅम्पवर बघायचंय" असं सांगा, नाहीतर चष्म्याचा नंबर काढून परत पाठवतात.

आरए फॅक्टर निगेटिव्ह आलाय. म्हणजे संधिवात नाही ना?

असं नाही. मुलांच्या संधिवातात आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असणारी मुलं थोडीच, साधारण शंभरात पाच. उरलेल्या पंचाण्णवांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि संधिवात मात्र असतो. "वाताचं रक्त तपासलं, काही निघालं नाही" म्हणून महिनोन्‌महिने थांबलेली मुलं मी पाहिली आहेत. तोवर गुडघा वाकडा राहायला लागतो आणि मांडीचा स्नायू बारीक होतो. लहानग्यांत तर सुजलेल्या गुडघ्याकडे रक्तपुरवठा वाढून तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब वाढतो. निदान सांधा हातात घेऊन होतं, नळीतलं रक्त त्याला जोड देतं.

आणि आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आला तर?

आरए फॅक्टर एकदा आला म्हणून धरत नाहीत. निदान तीन महिन्यांच्या अंतरानं दोनदा यावा लागतो. तसा तो आला आणि पाच किंवा जास्त सांधे सुजलेले असले, तर हा मोठ्यांच्या आमवातासारखा प्रकार. बहुधा वयात येणाऱ्या मुलींत, हाताच्या बोटांपासून सुरू होणारा. अँटी-सीसीपीही बहुतेक याच मुलांत सापडते. या दोन्ही असल्या तर हाडाची झीज होण्याचा धोका अधिक, म्हणून डॉक्टर सुरुवातीपासून जोरात उपचार करतात. इथेही आकड्याचा उपयोग वाट दाखवण्यापुरता. उपचारांनी आरए फॅक्टर कमी होऊ शकतो, पण तो कमी झाला की नाही यावर औषधाचा डोस ठरत नाही.

एएसओ वाढलाय. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन सांगितलंय. द्यावं का?

आधी निदान पक्कं करून घ्या. हे मी पोटतिडकीनं लिहिते, कारण माझ्या लेकीची पहिली पाच इंजेक्शनं अशीच गेली.

एएसओ ही घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्धची अँटीबॉडी. ती वाढलेली दिसली याचा अर्थ मुलाला मागे कधीतरी तो जंतू लागून गेला, इतकाच. शाळकरी मुलांना घसा धरण्याची सवयच असते. त्यामुळे पूर्ण निरोगी मुलातही हा आकडा २०० च्या वर दिसतो, आणि रिपोर्टवरची मर्यादा पुष्कळदा मोठ्यांसाठीची असते.

ऱ्हुमॅटिक फीव्हर हा खरा आणि गंभीर आजार आहे. त्यात हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात आणि तिथे पेनिसिलीन वर्षानुवर्षं द्यावंच लागतं. पण त्याची सांधेदुखी फिरती असते: आज गुडघा, परवा घोटा, पुढं मनगट. वेदना जबर, वेदनाशामकानं झटकन उतरणारी, आणि काही दिवस-आठवड्यांत संपणारी. एकच गुडघा तीन महिने सुजून राहिलाय, मूल फार रडत नाही पण सकाळी लंगडतं, तर चित्र वेगळं आहे. आम्हाला जिथे इंजेक्शनं सांगितली तिथे गुडघ्याला कुणी हातही लावला नव्हता, फक्त रिपोर्ट पाहिला. रिपोर्ट माझ्याच हातचा होता, तरी मला ते विचारायचं सुचलं नाही.

चालू असलेलं पेनिसिलीन मात्र आपल्या मनानं थांबवू नका. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, झाली आहे का ते विचारा, आणि मुलांच्या संधिवाततज्ज्ञांचं मत घेऊन मगच ठरवा.

अँटीबॉडी सांगत नाहीत, तर आजार आत्ता किती जोरात आहे हे कळतं कशावरून?

डॉक्टर चार गोष्टी एकत्र करतात: किती सांधे आज सुजलेले किंवा अडलेले आहेत, डॉक्टरांच्या मते आजार शून्य ते दहात कुठे आहे, मुलाच्या किंवा पालकांच्या मते तब्येत शून्य ते दहात कुठे आहे, आणि ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणी. यांच्या बेरजेला जेडॅस म्हणतात. २००९ पासून ही मोजणी वापरात आहे. ईएसआर वगळून तीनच गोष्टींची बेरीजही चालते. बघा, या बेरजेत एएनए नाही, आरए फॅक्टर नाही, सीसीपी नाही. आणि चारातला एक आकडा तुमचा आहे. तेव्हा डॉक्टरांनी "कसं वाटतंय, दहापैकी?" विचारलं की "ठीक" म्हणून मोकळे होऊ नका.

तो आकडा नीट देता यावा म्हणून सकाळ पाहा. लेकरू उठल्यापासून नीट चालायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. पंधरा मिनिटांच्या आत सुटलं तर चांगलं. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत सगळ्यांचंच अंग आखडतं, म्हणून एका दिवसावर जाऊ नका, आठवड्याचं बघा. माझी लेक लहान होती तेव्हा मी तिला अंथरुणाशेजारी उकिडवी बसवून चपला शोधायला लावायची. उजवी टाच जमिनीला टेकली की मला कळायचं, आज गुडघा बरा आहे. दोन्ही गुडघ्यांवर हाताची पालथी बाजू ठेवून बघा, गरम कुठला लागतो. आतल्या बाजूची खोबण भरून आलेली दिसते का ते बघा. ब्रशची पेस्ट दाबता येते का, डब्याचं झाकण उघडतं का, जिना चढताना एकाच पायानं चढते का. वहीत तारीख घालून दोन ओळी लिहा.

ईएसआर आणि सीआरपी तरी खरे मानायचे ना?

त्यांचं अँटीबॉडींपेक्षा बरंच ऐकायचं, तरी डोळे मिटून नाही. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या. अंगात सूज असली की त्या भरभर बसतात. सीआरपी हे सुजेत रक्तात वाढणारं प्रथिन. पण रक्त कमी असलं तरी बसतात, आणि हिमोग्लोबिन नऊ असलेल्या मुली आमच्याकडे रोज येतात. उलट एकच गुडघा सुजलेला असेल तर ईएसआर, सीआरपी दोन्ही साफ नॉर्मल येऊ शकतात. गुडघा सुजलेला आणि रिपोर्ट नॉर्मल असेल तर गुडघ्यावर विश्वास ठेवा.

दोन ठिकाणी हे आकडे फार जपून वाचावे लागतात. पहिलं, रोज एकदा चढून उतरणारा जोराचा ताप आणि त्याबरोबर अंगावर गुलाबी चट्टे असलेला सिस्टेमिक प्रकार. यात अँटीबॉडी सहसा निगेटिव्हच असतात. अशा मुलाचा ताप अचानक सतत राहायला लागला, मूल गळून गेलं, प्लेटलेट घसरल्या, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) हजारांत गेलं आणि ईएसआर मात्र खाली आला, तर ती सुधारणा नसते. तो आजाराचा जिवावर बेतणारा भडका असतो, आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात नेलं पाहिजे.

दुसरं, मूल रात्री हाड दुखतं म्हणून उठून रडतं, फिकट पडलंय, वजन उतरतंय, ईएसआर खूप आहे पण प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी आहेत. संधिवाताच्या सुजेत प्लेटलेट सहसा वाढतात. त्या कमी असल्या तर आधी रक्ताचा कर्करोग नाही ना, हे बघावं लागतं, आणि ते बघेपर्यंत स्टिरॉइड देऊ नये. रक्ताची काचपट्टी अनुभवी डॉक्टरांनी पाहिली आहे का, असं जरूर विचारा.

पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला होता, तेव्हापासून सांधे दुखतात. हा संधिवातच का?

चिकुनगुनियानंतर सांधे काही आठवडे, कधी काही महिनेही दुखतात, आणि त्या काळात एएनए किंवा आरए फॅक्टर किंचित पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून तापाच्या पाठोपाठ अँटीबॉडींचं पॅनेल करून घेण्याची घाई नको. दुखतंय की सुजलंय, हा फरक पाहा. सहा आठवड्यांनंतरही दिसणारी सूज असेल तर तज्ज्ञांकडे जा.

शेजारच्या मुलीला ल्यूपस आहे. तिचे अँटीबॉडी दर वेळी तपासतात, मग आमचे का नाही?

ल्यूपस हा संरक्षण यंत्रणा शरीरावरच उलटण्याचा वेगळा आजार. त्यात अँटी-डीएस-डीएनए नावाची अँटीबॉडी बऱ्याच रुग्णांत आजाराबरोबर वरखाली होते, म्हणून ती पुन्हा पुन्हा पाहतात. तुमच्या मुलाच्या आजारात तशी अँटीबॉडी नाही.

मग कोणत्या तपासण्या पुन्हा करायच्याच?

मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध चालू असेल तर हिमोग्राम आणि लिव्हरची तपासणी, डॉक्टर सांगतील तितक्या अंतरानं. बायोलॉजिक सुरू करण्याआधी क्षयासाठी छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी. एएनए दर तीन महिन्यांनी करण्यावर खर्च होत असेल तर तेच पैसे स्लिट लॅम्पला लावा. लॅबवालीच हे सांगते आहे.

एका ठिकाणी अँटीबॉडीचा आकडा खरोखर कामाचा ठरतो. ॲडालिमुमॅबसारखं बायोलॉजिक इंजेक्शन आधी लागू पडलं आणि पुढे पडेनासं झालं, तर शरीरानं त्या औषधाविरुद्धच अँटीबॉडी तयार केल्या असतील का, हे डॉक्टर तपासायला सांगू शकतात. मेथोट्रेक्सेट जोडीला असलं तर हे कमी घडतं.

मेथोट्रेक्सेटचा विषय निघालाच आहे तर: ते आठवड्यातून एकदाच असतं. चुकून रोज दिलं गेल्यानं जिवावर बेतलेलं आहे. आम्ही बुधवार धरला, गोदाघाटावरच्या बाजाराचा दिवस, म्हणजे घरात कुणीच विसरत नाही. फोलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

वातूळ खाणं बंद केलं तर अँटीबॉडी उतरतील का? द्राक्षं, दही, बटाटा?

नाही उतरत. वाढत्या मुलाला दूध, डाळ, अंडी, फळं सगळं हवं. द्राक्षांच्या गावात राहून लेकराला द्राक्षं बंद करू नका, नीट धुऊन द्या.

औषध कधी थांबेल? एएनए निगेटिव्ह झाल्यावर?

एएनएची वाट बघितली तर ती वेळ कदाचित कधीच येणार नाही. औषध चालू असताना सलग सहा महिने सांधे, डोळे, ईएसआर किंवा सीआरपी आणि सकाळचं आखडणं सगळं शांत राहिलं तर त्याला औषधावरची विश्रांती म्हणतात. औषध बंद झाल्यावर सलग बारा महिने शांत राहिलं तर औषधाविना विश्रांती. मधे किती काळ औषध चालू ठेवायचं हे प्रकारानुसार डॉक्टर ठरवतात.

मुंबईला दाखवायला जायचंय. सोबत काय न्यावं?

नाशिकची बरीच मुलं परळच्या वाडिया रुग्णालयात जातात. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं दादरला उतरलं की परळ जवळ आहे. मूल सकाळी आखडतं, म्हणून स्टेशनवर वेळेआधी पोचा आणि गाडीत अधूनमधून उठवून चालवा. रिपोर्ट तारखेच्या क्रमानं लावा, प्रत्येकावर लॅबचं नाव दिसू द्या. पहिला एएनए कधी, कुठे, किती, हे एका कागदावर. डोळ्यांच्या तपासणीच्या सगळ्या तारखा वेगळ्या कागदावर, सगळ्यात वर. सूज असतानाचे दोन्ही गुडघ्यांचे शेजारी शेजारी काढलेले फोटो आणि सकाळी उठून चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवा, कारण दुपारी बाराला डॉक्टरांपुढे मूल नीट चालत जातं. आणि अर्धी चड्डी घाला, सांधे बघायला सोपं पडतं.